कुवेतचा टीव्हीवाला

मुश्ताक परकारला एका जागी बसवत नसे. बसला की उजवा गुडघा हलायला लागे. गुडघा दाबून धरला तर बोटं चाळा करीत, आणि बोटं मुठीत आवळली तर तो सरळ उठून हायवेपर्यंत चक्कर मारून येई. कुवेतहून कायमचा परत येऊन त्याला पाच महिने झाले होते. बावीस वर्षं तिकडे राबलेला माणूस आता खाटेवर पाय पसरून पडेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. पण मुश्ताक पहाटे उठे, अंगण झाडे, झाडलेलं अंगण पुन्हा झाडे, आणि बदरुन्निसा चहा ठेवायला आत येईपर्यंत तिच्या फळीवरचे डबे उंचीप्रमाणे लावून मोकळा होई.

"मीठ शोधायला मला आता तुमाला हाक मारावी लागते," बदरुन्निसा म्हणायची. "बसा की जरा. घर पळून जात नाय."

महाड आणि पोलादपूरच्या मधे, हायवेच्या आत हाकेच्या अंतरावर त्यांचं गाव. मुलगा उझैर कतारला, मुलगी माहरुख खेडला दिलेली. घरात दोघंच. बदरुन्निसाची दिनचर्या इतक्या वर्षांत ठरून गेलेली होती आणि तीत नवऱ्याला जागा नव्हती; त्याची काही तक्रार नव्हती, पण हात मोकळे राहिले की त्याच्या डोक्यात भुंगा सुरू होई.

भुंग्याचं कारण फक्त त्याला ठाऊक होतं. अख्ख्या गावात तो 'कुवेतचा टीव्हीवाला' म्हणून ओळखला जायचा. एका मोठ्या हॉटेलात साडेतीनशे खोल्यांचे टीव्ही तो सांभाळतो, बिघडला तर दुरुस्त करतो, अशी ख्याती होती. ती त्यानंच पसरवली होती. आणि ती खोटी होती.

हॉटेल खरं होतं. साडेतीनशे टीव्हीही खरे होते. हॉटेल सुरू होताना ते खोक्यातून वर चढवायला जे लोक लावले, त्यात मुश्ताक होता. तो पहिला आठवडा. त्यानंतरची बावीस वर्षं त्यानं तळघरातल्या लाँड्रीत काढली. चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे. पहिल्यांदा रजेवर आला तेव्हा मशिदीसमोरच्या कट्ट्यावर कुणीतरी विचारलं, "कोणत्या डिपार्टमेंटला हायस?" आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "टीव्हीच्या." एवढंच. पुढे लोकांनीच त्यात भर घातली. माहरुखचं स्थळ आलं तेव्हा मध्यस्थानं सासऱ्यांना सांगितलं, मुलीचे वडील हॉटेलात टेक्निशियन आहेत. मुश्ताक तिथेच बसला होता. तो काही बोलला नाही. न बोललेली गोष्ट मग खरी असल्यासारखी घरात राहायला आली.

मेच्या अखेरीस वळवाच्या पावसात समोरच्या माडावर वीज पडली. घरातला मोठा टीव्ही फट् करून काळा झाला आणि त्याखालचा डिशचा जुना डबाही जळाला. डिशवाल्यांनी बदलून दिलेला नवा एचडी डबा आला, पण दाखवायला टीव्ही नाही. बदरुन्निसाकडे रोज संध्याकाळी मालिका बघायला येणारी शेजारीण काशीबाई दारातच म्हणाली, "एवढा काय झाला! मुश्ताकभाय हायेत ना. तुमाला काय त्याचं, तुमी टीव्हीवालेच!"

मुश्ताक म्हणाला, "बघतो. आतला भाग गेलाय. मागवावा लागंल."

जून त्या भागाची वाट बघण्यात गेला. जुलैत तो म्हणाला, हवा दमट आहे, आत्ता उघडला तर आणखी बिघडेल. काशीबाईनं मान डोलावली. तिला ते पटलं. तिच्या स्वतःच्या घरी जुना, मागून फुगीर टीव्ही होता, पण त्याच्या पडद्याचा वरचा अर्धा भाग कायमचा काळा पडलेला आणि डिश तर तिनं कधीच बंद केलेली. ती रोज यायची, भिंतीवरच्या काळ्या टीव्हीकडे बघायची आणि तांदूळ निवडत बसायची. तिचं ते बसणं मुश्ताकला सोसवत नसे. ती आली की तो हायवेवर जाई.

ऑगस्टात उझैरचा फोन आला. फोन ठेवल्यावर बदरुन्निसा माळ्यावर चढली आणि जुना मॉनिटर घेऊन उतरली. सतरा इंची, चौकोनी, काळा. उझैर शाळेत असताना घेतलेल्या कॉम्प्युटरचा. कॉम्प्युटर कधीच मेला, पण याच पडद्यावर दर जुम्म्याला ती नवऱ्याशी बोलायची, म्हणून तो तिनं जुन्या ओढणीत गुंडाळून ठेवला होता.

"उझैर सांगतो, नवीन डबा याला पन लागतो," ती म्हणाली. "अब्बांना अर्ध्या तासाचं काम हाय म्हनला."

मुश्ताकनं मॉनिटर टेबलावर ठेवला. डब्याच्या मागे एक चपटं, बारीक तोंड होतं. मॉनिटरच्या मागे निळं, पंधरा भोकांचं. दोन्ही तोंडं त्यानं पुन्हा पुन्हा पाहिली. ती एकमेकांत बसणं शक्य नाही हे लहान मुलालाही कळलं असतं.

"मधे एक पीस लागतो," तो म्हणाला, आणि हा अंदाज बरोबर निघाला याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो महाडला जाऊन बाजारातून तो पीस घेऊन आला. एका टोकाला चपटं तोंड, दुसऱ्या टोकाला निळं. संध्याकाळी काशीबाई आली, तिच्यासोबत आणखी दोघी आल्या. मुश्ताकनं डिशची वायर डब्याला पिळली, पीस लावला, बटण दाबलं. डब्यावर हिरवा दिवा लागला. मॉनिटर क्षणभर उजळला आणि काळा झाला. त्यानं पीस काढून पुन्हा लावला. काळा. वायर उलटसुलट करून पाहिली. डबा बंद करून चालू केला. पाऊण तास गेला. मानेवरून घाम पाठीत उतरत होता. बायका आधी पडद्याकडे बघत होत्या, नंतर त्याच्याकडे बघायला लागल्या.

"तिकडचे टीव्ही येगळे असतील," एकजण म्हणाली.

"हो ना," काशीबाई घाईघाईनं म्हणाली, "तिकडचं सगळाच येगळा."

त्या गेल्या.  बदरुन्निसानं पडदा ओढणीनं पुसला, जणू काळेपणा वरून लागलेला असावा.

सकाळी डबा, पीस आणि मॉनिटर पिशवीत घालून मुश्ताक बाहेर पडला. महाडला जायचं धाडस नव्हतं. तिथं दर तिसऱ्या दुकानात ओळखीचा माणूस. तो उलट दिशेच्या मिनीडोर रिक्षात बसला. कशेडी घाटाकडे निघालेल्या ट्रकांची रांग लागली होती आणि गाडी मिनिटभर चाले, दोन मिनिटं थांबे. मुश्ताकचा गुडघा हलत होता. शेजारचा प्रवासी शेवटी म्हणाला, "चाचा, पिशवी माझ्याकडं द्या, नायतर आतलं फुटंल."

पोलादपूरला एसटी स्टँडमागच्या गल्लीत अश्वजित तांबेचं दुरुस्तीचं दुकान होतं. पस्तिशीचा, चष्मेवाला, कमी बोलणारा माणूस. समोर एका पंपाची मोटर उघडून बसला होता. मुश्ताकनं पिशवी काउंटरवर ठेवली आणि सवयीनं सुरुवात केली, "मी पन याच लायनीतला. कुवेतला बावीस वर्षं हॉटेलात टीव्ही सांभाळले. पन हे इकडचं जरा येगळं पडतं."

"अच्छा," अश्वजित म्हणाला. मोटर बाजूला सारून त्यानं सगळी सामग्री जोडली. पडदा काळाच राहिला. "बॉक्सचं आउटपुट कितीवर ठेवलंय?"

"फुल," मुश्ताक म्हणाला.

अश्वजितनं चष्म्यावरून पाहिलं. हसला नाही. पडदा तसाच ठेवून त्यानं विचारलं, "काका, तिकडं नक्की काय काम करायचात?"

रस्त्यावरून एक कंटेनर गेला, दुकानाची पत्र्याची पाटी थरथरली. मुश्ताकला वाटलं पिशवी उचलावी आणि निघावं. पाय तसे वळलेही होते. पण जाणार कुठं? पुढं घाट होता, मागं घर.

"चादरी," तो म्हणाला.

"काय?"

"चादरी धुवायचो. लाँड्रीत. टीव्हीला मी फक्त खोक्यातून बाहेर काढताना हात लावलाय." आणि मग, अनोळखी माणसापुढं सगळं एका दमात आलं. कट्टा, रजा, माहरुखचं लग्न, काल संध्याकाळच्या बायका. 

अश्वजितनं काउंटरची फळी वर उचलली. "मग उभे का? आत या," तो म्हणाला. "मी सांगतो, हात तुम्ही लावा."

त्यानं एकेक गोष्ट सोपी करून सांगितली. नव्या डब्यातून चित्र कुलूप लावून निघतं, कुणी कॉपी करू नये म्हणून. समोर जे जोडलंय त्यानं ओळख पटवली तरच ते उघडतं. बाजारातला स्वस्त पीस ओळख देत नाही, म्हणून काळोख. त्यानं खणातून दुसरा, जरा जाड पीस काढला, तेवढ्यात लाइट गेली; तो तसाच सांगत राहिला. त्याला वीजही वेगळी द्यावी लागते, त्याची ही बारीक वायर मोबाइलच्या चार्जरला लावायची. आणि जुन्या मॉनिटरला कान-तोंड नसतं, आवाज त्यातून येणारच नाही; पिसाच्या कडेला गोल भोक आहे, तिथं स्पीकर लावायचा.

"आणि एवढं करून पडद्यावर 'आउट ऑफ रेंज' आलं, तर घाबरायचं नाही. डबा चित्र मोठं पाठवतोय आणि मॉनिटर लहान चित्र मागतोय. डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन आकडा खाली आणायचा."

"पन पडदाच दिसत नसंल तर सेटिंग कशी दिसणार?"

अश्वजित पहिल्यांदा हसला. "बरोबर विचारलंत. त्यासाठी कुणाचा तरी दुसरा टीव्ही गाठायचा. कसलाही चालेल. जुना असला तरी डब्यामागे ही लाल-पांढरी-पिवळी तोंडं आहेत ना, ती लावायची. तिथं आकडा बदलायचा आणि डबा परत घरी. माझ्याकडं आत्ता इथं टीव्ही नाही, लाइटही गेलीय, नाहीतर इथंच केलं असतं."

मुश्ताककडून त्यानं सगळं तीनदा जोडून-काढून घेतलं. तिसऱ्या वेळी मुश्ताकचा हात अडखळला नाही. लाल-पांढरी-पिवळी वायरही अश्वजितनं पिशवीत टाकली.

घरी पोचला तेव्हा दुपार कलली होती. बदरुन्निसा आणि काशीबाई चवळीचा पाला निवडत बसल्या होत्या. मुश्ताकनं लगेच मांडामांड केली. जाड पीस, चार्जर, उझैरचा जुना स्पीकर. बटण दाबलं. स्पीकरमधून बाईचा आवाज आला, खणखणीत, कसल्या तरी साबणाची जाहिरात. काशीबाईनं टाळी वाजवली. पडद्यावर मात्र निळ्या चौकटीत इंग्रजी अक्षरं तरंगायला लागली. आउट ऑफ रेंज.

"हे काय आता?" बदरुन्निसानं विचारलं.

"चित्र मोठं येतंय."

"मंग बारीक करा. तुमी तिकडं हेच करत होता ना?"

प्रश्न साधा होता. तिनं असे प्रश्न शंभर वेळा विचारले असतील आणि त्यानं शंभर वेळा "हूं" म्हटलं असेल. पण दुकानात एकदा तोंड उघडल्यावर ते आता बंद होईना.

"नाय," मुश्ताक म्हणाला. "मी हे करत नव्हतो. मी तिकडं चादरी धूत होतो. दुसऱ्या आठवड्यापासनं परत येईपर्यंत."

काशीबाईचे हात पाल्यात थांबले.  त्याला वाटलं बदरुन्निसा ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"दर जुम्म्याला," ती हळू म्हणाली, "या पडद्यासमोर बसून मी तुमाला विचारायची, आज किती टीव्ही झाले. तुमी आकडा सांगायचा. कदी बारा, कदी पंदरा."  "आकडा पन सांगायचा तुमी." पाल्याची पाटी उचलून ती आत गेली आणि मधलं दार लावून घेतलं.

बाहेर फक्त साबणवाली बाई बोलत होती. मुश्ताकनं स्पीकरची वायर उपटली.

काशीबाईनं लुगड्याला हात पुसले. "मंग आता," ती म्हणाली, "हा तसाच ठेवायचा का काय करायचा?"

"दुसरा टीव्ही लागतो. आकडा बदलायला."

"माझ्याकडं हाय की. वरचा अर्धा नाय दिसत."

दोघं डबा घेऊन तिच्या घरी गेली. फुगीर टीव्हीला लाल-पांढरी-पिवळी वायर जोडली. पडद्याच्या खालच्या अर्ध्यात सेटिंगची यादी उमटली, वरचं काळोखात. हवी असलेली ओळ वरच्या काळोखात होती. मुश्ताक रिमोटनं चाचपडत वर गेला, दाबलं, चुकला, भाषा तमिळ झाली. काशीबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. तो पुन्हा पहिल्यापासून मोजत गेला. चौथ्या खेपेला खालच्या अर्ध्यात आकड्यांची रांग आली. त्यानं एक पायरी खाली उतरून दाबलं.

"मुश्ताकभाय," परत येताना काशीबाई म्हणाली, "चादरी धुवायला लाज कसली हो? मी जलमभर लोकांच्या शेतात भात लावला."

 चौतिसाव्या वर्षी त्याला ती वाटली होती खरी, छप्पन्नाव्या वर्षी तिचं कारण सापडत नव्हतं.

या वेळी मॉनिटरवर चित्र आलं. चौकोनी पडद्यात माणसं जरा लांबट, उंच झाली होती, पण स्वच्छ होती, साडीचे काठसुद्धा दिसत होते. मुश्ताकनं स्पीकर लावला, आवाज मोठा केला. मधलं दार उघडलं नाही. साडेसातची मालिका काशीबाईनं एकटीनं बघितली. मुश्ताक अंगणात येरझारा घालत होता.

पुढचे पाच दिवस बदरुन्निसा त्याच्याशी कामापुरतंही बोलली नाही. ताट वाढून समोर ठेवी आणि आत जाई. डबे त्यानं फळीवर पुन्हा तिच्या जुन्या क्रमानं लावायचा प्रयत्न केला. क्रम त्याला आठवेना. रोज हायवेपर्यंत दोनऐवजी चार चकरा होऊ लागल्या.

सहाव्या दिवशी ती एक चादर घेऊन बाहेर आली. उझैरनं कतारहून पाठवलेली, चारी कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली. वर्षभर ती कपाटात बोळा होऊन पडली होती, कारण तिची घडीच होत नसे. ती तिनं त्याच्या अंगावर टाकली.

"घाला घडी," ती म्हणाली.

मुश्ताक उभा राहिला. दोन कोपऱ्यांत हात घातले, एक कोपरा दुसऱ्यावर उलटला, खाली वाकून तिसरा उचलला, चौथा त्यात सरकवला. चादर एकदा हवेत झटकली, तिचा चाबकासारखा आवाज झाला. सपाट चौकोन खाटेवर आला, तळव्यानं दोनदा दाबला. पुस्तकाएवढी घडी, कडा सुरीसारख्या. सगळं मिळून पंधरा सेकंदही लागले नसतील. आणि तेवढ्या वेळात त्याचा गुडघा, बोटं, मान, सगळं कसं शांत होतं, हे बदरुन्निसानं पाहिलं.

तिनं घडी उचलून उलटसुलट पाहिली. मोडली आणि परत दिली. "परत."

त्यानं परत घातली.

"माझ्या अम्मीची घडी पन अशी नव्हती," ती खाली बसत म्हणाली. रागाचा पीळ अजून सुटला नव्हता. तिचा आवाज कोरडाच होता. "हे सांगितला असता तर मी गावात हेच सांगितला असता. माहरुखच्या सासऱ्यांना कोन सांगनार आता?"

"मी."

"आजच."

त्यानं खेडला फोन लावला. समोरून व्याह्यांनी सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. महिनाभर त्यांचा फोन आला नाही. तो महिना दोघांनाही फार जड गेला. नंतर माहरुख नेहमीसारखी मुलांना घेऊन चार दिवस राहायला आली, आणि तिच्या बोलण्यावरून कळलं की सासऱ्यांनी तिला एका शब्दानं दुखावलं नव्हतं. मात्र पूर्वी ते मुश्ताकला 'टेक्निशियनसाहेब' म्हणत, ते बंद झालं.

गावात बातमी व्हायची ती झाली. कट्ट्यावर दोन-चार दिवस हसणं झालं. पण दरम्यान मॉनिटरवर टीव्ही लागला हेही सगळ्यांनी पाहिलं होतं. बिरवाडीत भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कारखान्यातल्या लोकांकडे ऑफिसांतून निघालेले असे जुने मॉनिटर पडून होते. गावातला राजेश तिथंच कामाला. त्यानं मुश्ताकला नेलं. पहिल्या खोलीत जमलं. दुसऱ्या खोलीत चित्र दर दहा सेकंदांनी लुकलुकत होतं, आणि मुश्ताकनं सरळ अश्वजितला फोन लावून विचारलं. कुणी "तुम्ही टेक्निशियन का?" म्हटलं की तो सांगे, "नाय, लाँड्रीवाला. हे आत्ता शिकतोय." काहींना ते ऐकून काळजी वाटे, ते खोलीतच उभे राहून त्याच्या हातांवर नजर ठेवत.

मंगळवारी आणि शुक्रवारी नमाजानंतर तो पोलादपूरला अश्वजितच्या दुकानात जाऊ लागला. तिथंही तो फार वेळ बसत नसे. उभ्यानंच काम करी, मधेच गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन येई. अश्वजितला त्याची सवय झाली.

एका मंगळवारी तो चपला घालत असताना बदरुन्निसा बुरखा घालून दारात उभी राहिली.

"कुठं?" त्यानं विचारलं.

"तुमच्याबरोबर. बावीस वर्षं मी तुमच्या कामाचं फक्त ऐकलं. आता डोळ्यांनी बघनार."

मिनीडोरमध्ये दोघं शेजारी बसली. दुकानात अश्वजितनं तिला स्टूल दिलं, चहा मागवला. मुश्ताक एक जुना मॉनिटर उघडून त्यातली धूळ ब्रशनं काढायला लागला. चहाचा कप हातात धरून बदरुन्निसा ते सगळं नीट बघत होती. मग तिनं नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात अश्वजितला विचारलं, "खरं सांगा, यांना हे येतं का?"

मुश्ताकचा ब्रश थांबला.

अश्वजितनं मॉनिटरकडे पाहिलं, मुश्ताककडे पाहिलं. "निम्मं येतं," तो म्हणाला. "उरलेलं शिकतायत."

"बरं," बदरुन्निसा म्हणाली, आणि चहा प्यायला लागली.